जॉन स्नो

जॉन स्नो (जन्म : यॉर्क, इंग्लंड, १५ मार्च १८१३, मृत्यू : लंडन, १६ जून १८५८) हे एक इंग्रज डॉक्टर होते. पटकीचा (कॉलऱ्याचा) प्रसार दूषित पाण्यातून होतो, हे त्यांनी घरोघरी केलेल्या चौकशीच्या आधारे दाखवून दिले. १८५४ साली लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटवरचा सार्वजनिक पंप त्यांच्या सांगण्यावरून तेथील स्थानिक मंडळाने बंद केला. सार्वजनिक पाण्याच्या रक्षणाच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची मानली जाते. आधुनिक साथरोगशास्त्राच्या प्रवर्तकांमध्ये स्नो यांची गणना होते.

जन्म आणि शिक्षण

स्नो यांचा जन्म यॉर्क शहरात एका कष्टकरी कुटुंबात झाला. नऊ भावंडांमध्ये ते थोरले होते. त्यांची वस्ती ऊझ नदीच्या काठी होती. वयाच्या चौदाव्या वर्षी न्यूकॅसल येथील एका शल्यचिकित्सकाकडे ते उमेदवारीसाठी राहिले. १८१७ साली बंगालमधून पसरू लागलेली पटकी १८३१ साली इंग्लंडमध्ये पोहोचली. त्या साथीत किलिंगवर्थच्या कोळसा खाणीतील मजुरांवर उपचार करण्याचे काम तरुण स्नो यांच्याकडे आले. मजूर खाणीतच जेवतात आणि तेथे त्यांना हात धुण्याची सोय नसते, या गोष्टीकडे त्यांनी पुढे आपल्या लेखनात लक्ष वेधले.

१८३६ साली ते शिक्षणासाठी लंडनला गेले. १८४४ साली त्यांना लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळाली. ईथर व क्लोरोफॉर्म यांचे प्रमाण मोजून भूल देण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. १८५३ आणि १८५७ साली राणी व्हिक्टोरिया यांना प्रसूतीच्या वेळी त्यांनीच क्लोरोफॉर्म दिला. ते अविवाहित होते. तरुणपणीच त्यांनी शाकाहाराचा व मद्यपान न करण्याचा नियम स्वीकारला होता.

पटकीविषयीचे मत

सडक्या पदार्थांच्या दुर्गंधीने हवा दूषित होते व त्या हवेमुळे पटकी होते, असे त्या काळातील बहुतेक डॉक्टर मानत असत. स्नो यांना हे पटले नाही. या रोगात प्रथम पोट बिघडते, त्या अर्थी रोगाचे कारण तोंडावाटे शरीरात शिरत असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. रोग्याच्या मलातील विष पाण्यात मिसळते व तेच पाणी इतरांच्या पिण्यात येते, हे मत त्यांनी १८४९ साली एका पुस्तिकेद्वारे मांडले. त्याला फारसा पाठिंबा मिळाला नाही.

ब्रॉड स्ट्रीटचा पंप

३१ ऑगस्ट १८५४ च्या सुमारास लंडनच्या सोहो भागात पटकीची भीषण साथ सुरू झाली. पहिल्या तीन दिवसांत ब्रॉड स्ट्रीट व आसपासच्या गल्ल्यांत १२७ माणसे दगावली. या साथीतील एकूण मृत्यूंची संख्या ६१६ इतकी सांगितली जाते. स्नो यांनी मृतांची यादी मिळवून घरोघरी चौकशी केली. बहुतेक मृत ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाजवळ राहणारे व त्याचे पाणी पिणारे होते.

जेथे हे पाणी पीत नसत, तेथील स्थिती वेगळी होती. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ लोक राहत असूनही केवळ पाच मृत्यू झाले, कारण आश्रमाची विहीर स्वतंत्र होती. शेजारच्या मद्यनिर्मिती कारखान्यातील एकही कामगार दगावला नाही. तेथेही स्वतंत्र विहीर होती. उलट दूरच्या हॅम्पस्टेड येथील एक विधवा पटकीने मरण पावली. त्या पाण्याची चव आवडत असल्याने ती ते मुद्दाम घरी मागवत असे.

७ सप्टेंबर रोजी स्नो यांनी सेंट जेम्स पॅरिशच्या स्थानिक मंडळापुढे ही माहिती ठेवली. दुसऱ्याच दिवशी मंडळाने पंपाचा दांडा काढून टाकला. भीतीने अनेक कुटुंबे घरे सोडून गेल्यामुळे साथ तोपर्यंत ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतः नमूद केले आहे. मृत्यूंची ठिकाणे दाखवणारा त्यांचा प्रसिद्ध नकाशा यानंतर तयार झाला.

नागरिकांची चौकशी

शासनाच्या आरोग्य मंडळाने स्नो यांचा निष्कर्ष अमान्य केला. पॅरिशमधील नागरिकांनी मात्र स्वतःची चौकशी समिती नेमली. तिच्यात स्नो यांच्यासह स्थानिक धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड होते. स्नो यांचे मत खोडून काढता येईल, असे व्हाइटहेड यांना प्रथम वाटत होते. परंतु परिसरातील माणसे त्यांच्या ओळखीची होती. त्यांना पुन्हा पुन्हा भेटून मिळालेल्या माहितीने त्यांचेच मत पालटले.

पंपासमोरच्या ४० क्रमांकाच्या घरातील एक तान्हे मूल साथीच्या प्रारंभी दगावले होते. त्याचे कपडे धुतलेले पाणी घराच्या शौचकूपात ओतले जात असे. हा शौचकूप विहिरीपासून तीन फुटांहूनही कमी अंतरावर होता व त्याच्या विटा निखळल्याने मैला विहिरीकडे झिरपत होता. त्या मुलाचे वडील ८ सप्टेंबरला, म्हणजे दांडा काढला त्याच दिवशी, आजारी पडले. त्यामुळे पंप सुरू राहिला असता तर साथ पुन्हा भडकली असती, असा निष्कर्ष व्हाइटहेड यांनी काढला.

पाणी कंपन्यांचा अभ्यास

त्याच वर्षी स्नो यांनी दक्षिण लंडनमधील दोन कंपन्यांच्या पाण्याची तुलना केली. लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून शहराच्या वरच्या बाजूने थेम्स नदीचे पाणी घेत होती. साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहराचे सांडपाणी मिसळलेले पाणी पुरवत होती. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७, तर दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू झाले. १८५५ साली पुस्तिकेच्या विस्तारित दुसऱ्या आवृत्तीत हे आकडे प्रसिद्ध झाले.

मृत्यू व वारसा

पक्षाघाताच्या झटक्याने वयाच्या ४५ व्या वर्षी स्नो यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांचे मत सर्वमान्य झाले नव्हते. १८६६ साली पूर्व लंडनमध्ये आलेल्या साथीचे मूळ पाणीपुरवठ्यात आढळले, तेव्हा पूर्वी साशंक असलेले संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनीही पाण्याचे कारण मान्य केले. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना कोलकात्यातील एका तलावाच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले.

ब्रॉड स्ट्रीटला आता ब्रॉडविक स्ट्रीट म्हणतात. तेथे दांडा नसलेल्या पंपाची प्रतिकृती उभारलेली आहे. आज पटकी किंवा अतिसाराची साथ आली, की रुग्ण कोठे राहतात आणि कोणते पाणी पितात याची चौकशी प्रथम केली जाते. या पद्धतीचा पाया स्नो व सोहोतील नागरिकांच्या कामात आहे.