वाटाण्याच्या रोपाचा चित्रपट

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) मूळचे त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सर्वांना ठाऊक आहे. लघुपट करू पाहणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांना मात्र त्याआधीची चिमुकली फिल्म अधिक मोलाची, असे मला वाटते.

१९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, पण भांडवल कुठले? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा जागचा न हलवता, ठरावीक अवकाशाने एकेक चित्र टिपत ते महिनाभराहून अधिक काळ बसले. केवढा हा धीर! संकलन जणू आधीच डोक्यात झालेले. पडद्यावर मिनिटभरात रोप वाढलेले पाहून धनको तयार झाला. तारण मात्र सरस्वतीबाईंचे दागिने. फिल्मला भोके पाडण्याचे कामही पुढे अंधारात बसून याच माउलीने केले.