'फॅक्टरी गर्ल' सिनेमातली खरी मुलगी कोण होती? एडी सेजविकची गोष्ट

२००६ साली आलेल्या 'फॅक्टरी गर्ल' सिनेमात सिएना मिलरने साकारलेली मुलगी काल्पनिक नव्हती. तिचं नाव एडी सेजविक.

१९४३ साली कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरामध्ये एका बड्या घराण्यात तिचा जन्म झाला. आठ भावंडांत ती सातवी. घरात पैसा होता, पण सुख नव्हतं. १९६२ साली तिला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. १९६४ मध्ये एका भावाने आत्महत्या केली, पुढच्याच वर्षी दुसरा मोटारसायकल अपघातात गेला.

त्याच वर्षी, म्हणजे १९६५ मध्ये, न्यूयॉर्कला तिची चित्रकार अँडी वॉरहॉलशी ओळख झाली. त्याच्या चंदेरी भिंतींच्या स्टुडिओचं नाव होतं 'फॅक्टरी'. एडीनेही केस चंदेरी करून घेतले. 'पुअर लिटल रिच गर्ल' या सिनेमात ती फोनवर बोलते, मेकअप करते, वारशाचा पैसा कसा उडवला ते सांगते. बस्स, इतकंच! 'व्होग' मासिकानेही तिची दखल घेतली.

पण या सिनेमांतून नाव झालं, कमाई झाली नाही. वर्षभरातच दोघांचं बिनसलं. नशा मात्र सुटली नाही. १६ नोव्हेंबर १९७१ रोजी झोपेच्या गोळ्यांमुळे तिचा मृत्यू झाला. वय अवघं २८. लग्नाला चार महिनेही झाले नव्हते.

सिनेमात वॉरहॉल खलनायक वाटतो. पण एडीचं आजारपण त्याच्या भेटीआधीचं होतं. तिला गरज उपचारांची होती आणि आजूबाजूला होते कॅमेरे.