जहाज, विमान आणि दारातली छोटी मोटार

पुणे-नाशिक रस्त्यावर सकाळी जुन्नर, नारायणगाव, मंचर येथून चाकण, भोसरी आणि पुण्याच्या दिशेने नोकरदारांच्या मोटारी निघतात, तेव्हा त्यांत लहान गाड्यांचाच भरणा असतो. पेट्रोलचा हिशेब मांडून, प्रसंगी चौघांत खर्च वाटून घेऊन ही रोजची ये-जा चालते. मोटार ही चैनीची वस्तू न राहता कामावर पोहोचण्याचे साधन झाली, याचे या रस्त्यावर कोणाला अप्रूप राहिलेले नाही. मात्र मोटार या देशातच तयार व्हावी, एवढ्या साध्या इच्छेसाठी एकेकाळी दीर्घ झुंज द्यावी लागली. ती देणाऱ्यांतील अग्रणी नाव म्हणजे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद.

23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात एका गुजराती जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. घरची सावकारी आणि कापसाचा व्यापार त्यांना रुचला नाही. रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत उतरलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे त्यांच्या कंपनीने खोदले. डोंगर फोडण्याचे हे काम जणू त्यांच्या पुढील आयुष्याची तालीमच ठरले.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी नरोत्तम मोरारजी यांच्यासमवेत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडेदर पाडून या नव्या स्पर्धकाला बुडवण्याचे प्रयत्न केले; परंतु सिंदिया तरली. परकीय सत्तेच्या छायेत उद्योग उभारायचा, तर भांडवलाइतकीच चिकाटीही लागते, हा धडा वालचंद यांनी तेथे घेतला.

मोटारीच्या कारखान्याची कल्पना त्यानंतरची. सर विश्वेश्वरय्या यांनी तिसाव्या दशकात त्याचा आराखडा केला होता. मुंबईचे तत्कालीन काँग्रेस मंत्रिमंडळ अनुकूल होते. वालचंद 1939 मध्ये अमेरिकेला गेले आणि तेथील मोटार उद्योगाशी त्यांनी बोलणी केली. अखेर क्रायस्लर कंपनीशी करार झाला. तथापि, दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. युद्धकाळात अशा कारखान्याला मदत देण्याची दिल्लीतील सरकारची तयारी नव्हती. योजना लांबणीवर पडली.

याच परदेश प्रवासात विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी त्यांची भेट झाली. त्यातून डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. जून 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याचा पाया घातला गेला. मात्र विमान कारखान्यातील त्यांचा हिस्सा सरकारने 1942 मध्ये विकत घेतला आणि जहाज कारखानाही 1952 मध्ये सरकारच्या ताब्यात गेला. तीन स्वप्नांपैकी वालचंद समूहाकडे उरली ती मोटार.

त्यासाठी 1944 मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून 1947 मध्ये वाहने बाहेर पडू लागली. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही त्यांची नावे. या मोठ्या अमेरिकी गाड्या ऐपतदारांच्याच दारात शोभणाऱ्या होत्या. मध्यमवर्गाला परवडेल अशी मोटार आली ती इटलीहून. फियाटच्या ‘500’ या गाडीची जुळणी कुर्ल्यात 1951 मध्ये सुरू झाली. अवघ्या 569 सीसी इंजिनाची ही इवलीशी मोटार इटलीत ‘टोपोलिनो’, म्हणजे छोटा उंदीर, या नावाने ओळखली जाई. वजन कमी आणि इंजिन लहान, म्हणून पेट्रोलही कमी, असा तिचा सरळ हिशेब होता.

तोपर्यंत वालचंद थकले होते. 1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कारभारातून निवृत्त झाले. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ज्या गाडीने त्यांच्या कंपनीचे नाव घरोघरी पोहोचवले, ती फियाट 1100 कुर्ल्यातून 1954 मध्ये बाहेर पडू लागली. ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांच्या दारात ती उभी राहिली आणि मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून अखंड धावली. तिच्यासाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत राहावे लागे. देशी उद्योगाला मिळालेल्या संरक्षणाची ही दुसरी बाजू. स्पर्धा नसल्याने गाडीत फारसा बदल झाला नाही आणि डिसेंबर 1983 मध्ये हलकी, 796 सीसीची मारुती 800 रस्त्यावर येताच मध्यमवर्गाची निवड बदलू लागली. तो दोष वालचंद यांच्या पश्चातचा. पण त्यांनी मागितलेल्या संरक्षणाचा विचार करताना तो विसरता येत नाही.

मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. दरम्यान मोटार उद्योगाचे केंद्र घाट चढून पुणे जिल्ह्यात आले होते. फियाटचा कारखाना रांजणगावला झाला, चाकणला देशी-विदेशी कंपन्या आल्या. ज्या बोरघाटाच्या पोटातून वालचंद यांनी रेल्वेला वाट करून दिली, त्याच्या अलीकडे आता मोटारी तयार होतात. मंचर-नारायणगावचा नोकरदार छोटी गाडी घेऊन रोज त्याच पट्ट्यात कामाला जातो. सरकारने मोडता घातला तेव्हाच वालचंद यांनी मोटारीचा नाद सोडला असता, तर ही वाट उघडायला आणखी किती वर्षे लागली असती, कोण जाणे.