गोदावरीला बांध घालणारे सर आर्थर कॉटन

गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावते, नाशिक, पैठण, नांदेड करत तेलंगणात शिरते. पुढे राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला तिचं पात्र जवळपास सहा किलोमीटर रुंद होतं. तिथल्या आंध्र शेतकऱ्याच्या घरात देवादिकांच्या शेजारी एखाद्या गोऱ्या साहेबाची तसबीर दिसली तर नवल वाटून घेऊ नका. ते सर आर्थर कॉटन. त्या भागात त्यांचे पुतळे गावोगाव आहेत आणि १५ मे ही त्यांची जयंती आजही साजरी होते.

कॉटन यांचा जन्म १८०३ चा. अकरा भावांतले ते दहावे. अठराव्या वर्षी, १८२१ साली, मद्रास इंजिनिअर्सचे अधिकारी म्हणून ते हिंदुस्थानात आले. काही वर्षांतच ख्रिस्ती श्रद्धेनं त्यांच्या मनाची पकड घेतली आणि ती आयुष्यभर सुटली नाही. पाऊस, नदी, माती ही देवानं दिलेली ठेव आहे. ती समुद्रात वाहून जात असताना काठावर माणूस उपाशी मरत असेल, तर दोष राज्य करणाऱ्याचा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. दुष्काळाला दैवी कोप म्हणून हात झटकणं त्यांना मान्य नव्हतं.

पहिली परीक्षा कावेरीवर झाली. कावेरीचं पाणी कोळ्ळिडम फाट्यातून निघून जात होतं, तंजावरची शेती वाळत चालली होती. १८३६ च्या सुमारास त्यांनी कोळ्ळिडमच्या तोंडाशी बंधारा घातला. पण वाळूवर पाया टिकणार कसा? ते उत्तर त्यांना विलायतेत मिळालं नाही. करिकाल चोळाच्या नावानं ओळखला जाणारा जुना कल्लणै बंधारा त्यांनी बारकाईनं पाहिला. दगड वाळूत टाकायचे, खचू द्यायचे, वर पुन्हा टाकायचे. कधीतरी खचणं थांबतं. हे शिक्षण आपण इथल्या जुन्या लोकांकडून घेतलं, हे त्यांनी मोकळेपणानं लिहून ठेवलं. साहेब लोकांत हे तसं दुर्मीळच.

१८३३ च्या दुष्काळात गुंटूर भागात माणसं अक्षरशः रस्त्यावर मेली. १८३९ ला वादळानं गोदावरीच्या मुखाकडचा किनारा झोडपला. १८४४ मध्ये कॉटन यांनी गोदावरीच्या बंधाऱ्याचा अहवाल दिला. १८४७ ला काम सुरू झालं. मागितले तेवढे इंजिनिअर आणि गवंडी कंपनी सरकारनं दिले नाहीत. मधेच कॉटन यांची प्रकृती ढासळली, रजेवर जावं लागलं. वीणम वीरण्णांसारखे स्थानिक सहकारी मात्र खंबीर उभे राहिले. नदीतल्या बेटांचा आधार घेत चार तुकड्यांत बंधारा उभा राहिला आणि १८५२ ला पुरा झाला. पुढं दहा लाख एकरांच्या घरात जमीन भिजली.

मी कॉमर्सवाला, म्हणून जमा-खर्चाची दुसरी बाजूही सांगतो. पाणी आलं तसा कंपनीचा महसूलही वाढला. कॉटन स्वतः सरकारला नफ्याचं गणित मांडूनच पटवत. मिशनऱ्यांना त्यांचा पाठिंबा होता, हेही खरं. आणि सगळंच काही साधलं नाही. तुंगभद्रेवरचा कर्नूल-कडप्पा कालवा त्यांच्याच आग्रहातून आला. भांडवलावर सरकारची पाच टक्के हमी होती, तरी कंपनी तोट्यात रुतली आणि १८८२ ला सरकारनं कालवा ताब्यात घेतला. कालव्यातून बोटी चालवाव्यात, रेल्वेवर एवढा पैसा ओतू नये, हा त्यांचा हट्ट होता. यावरून त्यांनी अधिकाऱ्यांशी वैर घेतलं. १८७८ ला पार्लमेंटच्या समितीपुढे उभं राहून वयाच्या पंचाहत्तरीत त्यांनी तोच मुद्दा मांडला. समितीला तो पटला नाही.

निवृत्तीनंतर डॉर्किंगच्या घरी बागेत खोल नांगरट करून गव्हाचं पीक वाढवण्याचे प्रयोग ते करत राहिले. २४ जुलै १८९९ रोजी ते गेले. त्याच पावसाळ्यात पश्चिम हिंदुस्थानात पावसानं दगा दिला आणि छप्पनचा दुष्काळ सुरू झाला.