सरखेल कान्होजी आंग्रे

आमच्या बोरीवलीच्या पश्चिमेस गोराईची खाडी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं हा साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांकडे, मुंबई इंग्रजांकडे व जंजिरा सिद्दीकडे होता. ह्या तिन्ही सत्तांशीं तीस वर्षें समुद्रावर झुंजणारे पुरुष म्हणजे कान्होजी आंग्रे.

शिवछत्रपतींच्या पदरीं असलेल्या तुकोजींचे हे पुत्र. इ. स. १६९८ त, राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, त्यांस आरमाराची सरखेली मिळाली. आपलें दस्तक घेतल्यावांचून व्यापारी गलबतानें कोंकणकिनाऱ्यानें जाऊं नये, असा त्यांचा दंडक होता. परकीयांचीं दस्तकें रास्त. कान्होजींनीं तेंच केलें तर इंग्रज त्यांस चांचे म्हणत!

१७१४ त बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनें ते शाहूमहाराजांस मिळाले व घरची दुही मिटली. १७१८ त इंग्रजांनीं खांदेरीवर, १७२१ त इंग्रज व पोर्तुगीज ह्यांनीं मिळून कुलाब्यावर चाल केली. दोन्ही वेळां त्यांस हात हलवीत परतावें लागलें.

४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी निवर्तले. पुढें मुलांत कलह माजला आणि १७५६ त विजयदुर्गाखालीं आंग्ऱ्यांचें आरमार जळालें. त्या वेळीं पेशवेही इंग्रजांच्या बाजूस होते. अलिबागेस कान्होजींची समाधि आहे. मुंबईंतील आरमारी ठाण्यास १९५१ पासून आंग्रे हें नांव आहे. विद्यार्थिमित्रहो, शत्रूंच्या तोफांस जें साधलें नाहीं तें भाऊबंदकीनें साधलें, हें विसरूं नका.