भाऊ दाजी लाड

डॉ. भाऊ दाजी लाड (मृत्यू: मे १८७४) हे मुंबईतील नामवंत डॉक्टर, प्राच्यविद्या संशोधक व समाजसुधारक होते. कुष्ठरोगावर देशी औषधाने केलेल्या उपचारांमुळे त्यांचे नाव विशेष चर्चेत आले.

जीवन
त्यांचा जन्म गोव्यातील पेडणे तालुक्यातल्या मांद्रे या गावी झाला. बालपणीच ते मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. १८६९ व १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते.

कुष्ठरोगावरील उपचार
त्या काळी कुष्ठरोगाचे कारण अज्ञात होते व त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. भाऊंनी संस्कृत वैद्यकग्रंथांत वर्णिलेल्या वनस्पतींचे गुण रुग्णांवर पडताळून पाहिले. कडू कवठाच्या बियांचे तेल हे त्यांचे मुख्य औषध होते. मात्र ही कृती त्यांनी दीर्घकाळ गुप्त ठेवली. त्यामुळे इतर डॉक्टरांना तिची परीक्षा करता येईना व त्यांच्यावर टीका झाली. नॉर्वेतील हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये शोधला. पुढच्याच वर्षी भाऊंचे निधन झाले. या वर्गातील तेलांनी रोग खात्रीने बरा होत नसे, तरीही १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत ती अनेक देशांत वापरली जात.

स्मारक
भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयास १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.