सूर्य पेटेल तेव्हा केसरबाईंचा सूर

सूर्य दर शंभर कोटी वर्षांत साधारण १० टक्क्यांनी प्रखर होत चालला आहे. आणखी शंभरेक कोटी वर्षांत समुद्र आटतील आणि सुमारे ५०० कोटी वर्षांनी फुगलेला तांबडा सूर्य पृथ्वीला बहुधा गिळूनच टाकेल. लेणी, किल्ले, ग्रंथालये, काहीच राहणार नाही. उरलेच तर माणसाने सूर्यमालेबाहेर धाडलेले थोडेसे सामान. त्यात गोव्यातल्या केरी गावच्या एका बाईंचा आवाज आहे.

केसरबाई केरकर १८९२ मध्ये जन्मल्या. आठव्या वर्षाच्या सुमारास कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. पुढे रामकृष्णबुवा वझे, बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. शिक्षण सारखे तुटत राहिले. सलग तालीम मिळाली ती १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांकडे. तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या, आणि त्या वयात गळा नव्याने घडवणे सोपे नसते. १९४६ मध्ये गुरू जाईपर्यंत त्या शिकत होत्या. (अति गाण्याने खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज तरुणपणी बिघडला होता आणि त्यातूनच त्यांनी वेगळी गायकी उभी केली, असे सांगतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ही गोष्ट आवडावी.)

स्वरतंतू म्हणजे घशातल्या जेमतेम दीड सेंटिमीटरच्या दोन घड्या. साठ-सत्तर अंशांच्या उष्णतेतच त्यातली प्रथिने आक्रसतात. त्या काळच्या लाखेच्या तबकड्याही उन्हात ठेवल्या तर वाकत. केसरबाईंना ध्वनिमुद्रणाचे प्रेम नव्हतेच. रेडिओपासून त्या दूर राहिल्या, तबकड्या मोजक्याच दिल्या, शिष्या म्हणून धोंडूताई कुलकर्णी यांनाच घेतले. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याआधीच, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी जाहीर गाणे थांबवले होते.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवायच्या तबकडीसाठी कार्ल सेगन यांची समिती जगभरचे संगीत निवडत होती. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केसरबाईंची भैरवी सुचवली. साडेतीन मिनिटांची, एकटीच कुठे निघालीस असे विचारणारी चीज. एकट्या यानासाठी याहून चपखल काय निवडणार! तबकडी तांब्याची, ३० सेंटिमीटरची, वर सोन्याचा मुलामा. तिच्यात ५५ भाषांतली अभिवादने आहेत, मराठीही आहे. एका तरुणीच्या मेंदूच्या लहरींचा आलेख आणि हृदयाचे ठोकेही आहेत. तांबे १०८५ अंशांना वितळते, पण यान जिथे चालले आहे तिथे कडाक्याची थंडी आहे. सूर्याची धग तिथवर पोहोचणार नाही. अवकाशातल्या धुळीचा मारा सोसूनही तबकडी किमान शंभर कोटी वर्षे टिकावी, असा अंदाज आहे. आवरणावर युरेनियमचा थर आहे. तो साडेचारशे कोटी वर्षांत निम्मा होतो. तबकडी किती जुनी आहे, हे त्यावरून मोजता येईल.

व्हॉयेजर-२ २० ऑगस्टला निघाले, व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी मुंबईत केसरबाई गेल्या. व्हॉयेजर-१ ने २०१२ मध्ये सौरवाऱ्याची हद्द ओलांडली, दुसऱ्याने २०१८ मध्ये. तबकडीसोबत वाजवायची सुई दिली आहे, फिरवण्याचा वेग आवरणावर चित्रांत कोरला आहे. ऐकणाऱ्याजवळ मात्र हवा आणि कान, दोन्ही असायला हवेत.